गावी उभ्या राहणाऱ्या मोटारसायकलसाठी नवी बॅटरी कोणती घ्यावी?

देवरुखवाला

नमस्कार. माझी २०१६ सालची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० गावी, संगमेश्वर तालुक्यात असते आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात राहतो. शिमगा, मे महिना, गणपती आणि दिवाळी एवढ्या वेळीच ती माझ्या हातात येते. एरवी पडवीत ताडपत्रीखाली उभी असते. काका दर रविवारी न चुकता ती सुरू करतात आणि दोन-तीन मिनिटे चालू ठेवून बंद करतात. असे असूनही गेल्या तीन वर्षांत ही दुसरी बॅटरी निकामी झाली. कंपनीकडून आलेली पहिली बॅटरी मात्र मी गाडी रोज वापरत असताना साडेपाच वर्षे टिकली होती.

या वर्षी गणपतीला गेलो तेव्हा सेल्फ दाबल्यावर रिलेची, म्हणजे सेल्फला वीज सोडणाऱ्या स्विचची, नुसती कटकट ऐकू आली, किक मारून पाय दुखले, आणि शेवटी मूर्ती आणायला शेजाऱ्यांची रिक्षा सांगावी लागली. बाजारातल्या एका गॅरेजने बॅटरी रात्रभर चार्ज करून दिली, पण दोन दिवसांत ती पुन्हा उतरली आणि आता तिच्या बाजू किंचित फुगलेल्या दिसतात. मूळ बॅटरी १२ व्होल्ट, १४ अँपिअर-अवरची आहे. एक दुकानदार १८ची बसवा म्हणतो, दुसरा पाण्याची बॅटरीच खरी म्हणतो, आणि पुण्यातला एक मित्र लिथियम घे म्हणून मागे लागला आहे. यांपैकी काय घ्यावे, आणि घेतलेली बॅटरी निदान चार वर्षे टिकावी म्हणून काय करावे?

जुना वायरमन

फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावू नका, हे सर्वांत आधी सांगतो. गॅरेजमध्ये बहुधा चारचाकीसाठी ठेवलेला मोठा चार्जर लावला गेला असावा. १४ अँपिअर-अवरच्या सीलबंद बॅटरीला साधारण तिच्या क्षमतेच्या एक-दशांश, म्हणजे १.४ अँपिअरच्या आसपास प्रवाह सोसतो. त्याऐवजी पाच-सात अँपिअर रात्रभर सोडले की ती तापते, आतला वायू झडपेतून बाहेर पडतो आणि आतला ओलावा कायमचा जातो, कारण या बॅटरीत वरून पाणी भरण्याची सोय नसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दुकानात कोणती बॅटरी मागायची हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवेन. पहिला प्रश्न असा, की दोन बॅटऱ्या एकाच पद्धतीने का मेल्या? याचे उत्तर शोधल्याशिवाय तिसरी बसवलीत, तर तिचीही तीच गत होईल. चारशे-पाचशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर घ्या आणि कोणाची तरी चालू स्थितीतली बॅटरी तात्पुरती लावून तीन गोष्टी मोजा.

गाडी काही तास बंद ठेवून टर्मिनलवरचा व्होल्टेज पाहा. चांगली, भरलेली सीलबंद बॅटरी १२.७ ते १२.९ दाखवते, १२.१ ते १२.२ म्हणजे जवळजवळ अर्धी रिकामी. तुमच्या जुन्या बॅटरीवर आकडा १०.५च्या आसपास स्थिर दिसला, तर तिच्या सहा सेलपैकी (आतल्या कप्प्यांपैकी) एक शॉर्ट झाला आहे असे समजा, कारण प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्टचा असतो. मग सेल्फ दाबत असताना आकडा किती खाली जातो ते पाहा. दहाच्या आसपास राहिला तर ठीक, पण आठ-सातवर कोसळला, तर विश्रांतीचा व्होल्टेज कितीही चांगला असला तरी ती बॅटरी गेलेली आहे.

दुसरे मोजमाप चार्जिंगचे. गाडी चालू करा, हेडलाइट लावा आणि ॲक्सिलरेटर थोडा पिळून धरा. टर्मिनलवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. तेरापर्यंतही पोहोचत नसेल, तर स्टेटर (इंजिनातली वीज तयार करणारी गुंडाळी), रेग्युलेटर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) किंवा वायरिंगचा एखादा सैल कनेक्टर तपासावा लागेल. पंधराच्या वर जात असेल, तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरी फुगण्याचे खापर एकट्या गॅरेजवर फोडता येणार नाही.

तिसरे मोजमाप बहुतेक जण करत नाहीत. चावी बंद ठेवून निगेटिव्ह वायर काढा आणि मल्टिमीटर अँपिअरवर लावून तो निगेटिव्ह टर्मिनल आणि ती वायर यांच्या मध्ये जोडा. सुरुवात दहा अँपिअरच्या खोबणीने करा, आकडा लहान असल्याची खात्री झाल्यावरच मिलिअँपिअरवर या, आणि मध्येच चावी फिरवू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल. तुमच्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीत बंद अवस्थेत जवळपास काहीच विजेचा खर्च व्हायला नको. गाडीला नंतर अलार्म, मोबाइल चार्जर किंवा तत्सम काही जोडले आहे का, तेही सांगा.

वऱ्हाडी रायडर

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, फक्त पाण्याच्या बॅटरीबद्दल थोडे लिहितो. माझ्याकडे अकोल्यात एका जुन्या गाडीला अजून तशीच बॅटरी आहे आणि ती मी मुद्दाम ठेवली आहे, कारण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की पाणी उडते आणि ते मला परत भरता येते. पण त्यासाठी दर पंधरा दिवसांनी पॅनल उघडून वरच्या आणि खालच्या रेघेच्या मध्ये पातळी आहे ना हे बघावे लागते. तुमच्यासारख्या, वर्षातून चार वेळा गावी जाणाऱ्या माणसाला ते जमणार नाही. पातळी खाली जाऊन आतल्या शिशाच्या पट्ट्या उघड्या पडल्या, की त्या भागाचे नुकसान पाणी भरूनही भरून निघत नाही. शिवाय त्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचे असते. काही लोक ‘ताकद वाढावी’ म्हणून वरून ॲसिड ओततात, त्यासारखा बॅटरीवर दुसरा अन्याय नाही. उडते ते पाणी, ॲसिड आतच राहते.

म्हणून तुम्ही सीलबंदच घ्या. १८ची बसवण्यातही अर्थ नाही. मुळात डब्यात मापाने बसली पाहिजे, पॉझिटिव्ह टर्मिनल मूळ बाजूलाच आले पाहिजे, कारण वायरींना तेवढीच लांबी असते. वायर पोहोचत नाही म्हणून बॅटरी उलटी फिरवून भलतीकडे जोडल्यामुळे रेग्युलेटर जळालेला मी पाहिला आहे.

देवरुखवाला

दोघांचेही आभार. चुलतभावाच्या गाडीची बॅटरी घेऊन सगळी मोजमापे केली. चार्जिंग १४.१ व्होल्ट मिळाले. जुनी बॅटरी विश्रांतीत १०.६ दाखवते. आणि चावी बंद असताना मीटरने १८ मिलिअँपिअर दाखवले, ते पाहून मी चकित झालो. २०२२ साली चोरीच्या भीतीने जीपीएस ट्रॅकर बसवला होता, त्याची वायर काढताच आकडा शून्यावर आला. तो बसवणाऱ्याने ‘ह्याला वीज लागतच नाही म्हणा ना’ असे सांगितले होते, म्हणून पहिल्या प्रश्नात त्याचा उल्लेखही केला नव्हता.

जुना वायरमन

मग हिशेब सोपा आहे. १८ मिलिअँपिअर गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला ०.४३ अँपिअर-अवर. १४ अँपिअर-अवरची नवी बॅटरी या गतीने बत्तीस दिवसांत पूर्ण रिकामी होते आणि पंधरा-सोळा दिवसांतच निम्म्यावर येते. १८ची घेतली असती, तर हेच बत्तीस दिवस एकेचाळीस झाले असते, एवढाच फरक. तुमच्या काकांची मेहनतही यामुळेच वाया गेली. आठवड्याला ट्रॅकर तीन अँपिअर-अवर खातो आणि मंद गतीवर दोन-तीन मिनिटे चाललेले इंजिन त्याच्या जवळपासही परत देऊ शकत नाही. उलट एवढ्या वेळात इंजिन पुरते तापतही नाही, त्यामुळे सायलेन्सरमध्ये पाणी साठून गंज धरतो. काकांना नाराज न करता हे सांगण्याची जबाबदारी तुमची.

रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली, की पट्ट्यांवरच्या लेड सल्फेटचे बारीक कण मोठ्या, घट्ट स्फटिकांत बदलतात आणि मग चार्जिंगने ते पूर्ववत होत नाहीत. तुमच्या दोन्ही बॅटऱ्या अशाच गेल्या असाव्यात. किकनेही गाडी न लागण्याचे कारण हेच, कारण या इंजिनाचे इग्निशन बॅटरीच्या विजेवर चालते.

लिथियमबद्दल: लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी वजनाला फार हलकी असते आणि नुसती पडून राहिली तर हळू उतरते, हे खरे. पण किंमत कित्येक पट असते, वेगळा चार्जर लागतो, आणि ट्रॅकर जोडलेला राहिला तर तीही रिकामी होणारच. पूर्ण रिकामी झालेली लिथियम सावरणे शिसे-ॲसिडपेक्षाही अवघड. तुमच्या वापराला ती अनावश्यक आहे.

तेव्हा १४ अँपिअर-अवरचीच, नावाजलेल्या कंपनीची सीलबंद बॅटरी घ्या. दुकानातच मीटर लावून बघा, १२.५च्या खाली असेल तर ती फळीवर बराच काळ पडून आहे, दुसरी मागा. बॅटरीवरचा उत्पादनाचा महिना वाचा. वॉरंटी कार्डावर तारीख, क्रमांक आणि शिक्का घ्या, आणि फुकट बदलून मिळण्याचा काळ किती व त्यापुढे किमतीत फक्त सूट मिळण्याचा काळ किती, हे वेगळे विचारा, कारण डब्यावरच्या मोठ्या आकड्यात दोन्ही मिसळलेले असतात. जुनी बॅटरी भंगारवाल्याकडे न देता त्याच दुकानात द्या. तिचे पैसे वजा होतात, आणि २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

पडवीतली गाडी

एक शंका. निगेटिव्ह वायर काढून ठेवली की ट्रॅकरही मरतो. मग चोरीचे काय?

जुना वायरमन

शंका रास्त आहे. पडवीत वीज असेल, तर तीन टप्प्यांचा छोटा मेंटेनर चार्जर घ्या, जो बॅटरी भरल्यावर साधारण १३.५ ते १३.८ व्होल्टवर येऊन थांबतो. त्याची फ्यूज असलेली वायर टर्मिनलला कायम जोडून ठेवली, की काकांना फक्त प्लग लावायचा. पण कोकणात पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस जाते आणि विजांच्या दिवसांत काहीही प्लगला लावून ठेवणे मला पसंत नाही. म्हणून मी स्वतः जून ते सप्टेंबर निगेटिव्ह वायर काढून ठेवली असती, पुढचे चाक जाड साखळीने खांबाला बांधले असते, आणि दीड-दोन महिन्यांतून एकदा बॅटरी घरात आणून रात्रभर भरली असती.

काकांना क्रम मात्र लिहून द्या. काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह; बसवताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. पाना पॉझिटिव्हवर असताना फ्रेमला लागला आणि निगेटिव्ह जोडलेली असली, तर पाना टर्मिनलला चिकटतो इतकी ठिणगी पडते.

देवरुखवाला

काल नवी १४ची बसवली, दुकानात १२.८ व्होल्ट होती. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड खाण्याचा सोडा आणि कोमट पाण्याने धुऊन, कोरडे करून, नट आवळल्यावर वरून व्हॅसलिन लावले. ट्रॅकर तूर्त काढून ठेवला आहे. क्रमाची चिठ्ठी पॅनलच्या आत चिकटवली, पण काका म्हणतात, ‘रविवारी दोन मिनिटं चालू नको करू, तर मग करू काय?’ त्यांना देवरुखच्या बाजारापर्यंत जाऊन यायला सांगितले आहे.

वऱ्हाडी रायडर

पेट्रोलचे पैसे तेवढे पाठवत जा.