ओक्लाहोमा: १८८९ साली ‘मोकळी’ म्हटलेली जमीन खरोखर कोणाची होती?

प्रश्न: वाटसरू

माझा भाचा गेल्या वर्षी नोकरीनिमित्त अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याच्या टल्सा शहरात राहायला गेला. तेथील रस्त्यांवर राज्याच्या नंबरप्लेटबरोबरच चेरोकी, मस्कोगी अशा मूळ अमेरिकी जमातींच्या स्वतंत्र नंबरप्लेट लावलेल्या मोटारीही दिसतात, हे त्याच्याकडून ऐकल्यापासून मी या राज्याचा इतिहास वाचू लागलो आणि पहिल्याच पायरीवर अडखळलो. मी चाळलेल्या पुस्तकांत हा इतिहास २२ एप्रिल १८८९ या दिवसापासून सुरू होतो: दुपारी बारा वाजता इशारा झाला आणि सुमारे ५०,००० माणसे घोड्यांवरून, गाड्यांतून, काही तर पायी, ‘मोकळ्या’ जमिनीकडे धावली. परंतु १८३० च्या कायद्यानंतर आग्नेयेकडील जमातींना हुसकावून हाच प्रदेश त्यांना कायमचा दिला होता, असेही तीच पुस्तके सांगतात. मग साठ वर्षांच्या आत तो मोकळा कसा झाला? शिवाय २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने टल्साचा परिसर अजूनही जमातीचा असल्याचा निकाल दिला, असे वाचले. भाच्याला तेथे घर घ्यायचे आहे. त्या घराखालची जमीन मग कोणाची?

उत्तर १: जुने दप्तर

आपली शंका रास्त आहे, कारण ‘मोकळी’ हा शब्द धावणाऱ्यांचा आहे. सरकारी कागदांत त्या तुकड्याला ‘कोणालाही नेमून न दिलेली जमीन’ असे म्हटले जाई, आणि या दोन वर्णनांत बराच फरक आहे.

अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी १८३० साली स्थलांतराच्या कायद्यावर सही केल्यानंतर चेरोकी, चॉक्टॉ, चिकसॉ, क्रीक म्हणजेच मस्कोगी, आणि सेमिनोल या पाच जमातींना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला नेण्यात आले. एकट्या चेरोकींपैकी १८३८-३९ च्या वाटचालीत साधारण १६,००० लोकांतील ४,००० दगावले, असा अंदाज सर्वत्र दिला जातो. त्या बदल्यात मिळालेले वचन मात्र अगदी स्पष्ट होते; चॉक्टॉंशी १८३० साली झालेल्या तहात तर कोणत्याही राज्याला त्यांच्यावर कायदे लादता येणार नाहीत, असेच लिहिलेले आहे.

हे वचन मोडण्यासाठी निमित्त मिळाले ते अमेरिकेतील उत्तर-दक्षिण यादवी युद्धाचे. या जमातींतील काही लोक स्वतः गुलाम बाळगून होते आणि १८६१ साली पाचही जमातींच्या सरकारांनी फुटून निघालेल्या, गुलामगिरीच्या बाजूच्या दक्षिणेकडील राज्यांशी करार केले. क्रीक व चेरोकींमधील पुष्कळ लोक उत्तरेच्या बाजूने राहिले, कॅन्ससमध्ये निर्वासित झाले, त्यांच्यातील अनेक जण उत्तरेच्या सैन्यात लढलेही. परंतु १८६६ च्या तहांत ही निष्ठा जमेस धरली गेली नाही आणि सर्वांकडूनच प्रदेशाचा पश्चिम भाग काढून घेण्यात आला. सेमिनोलांचा हिशेब तर वाचण्यासारखा आहे. त्यांची २१ लाखांहून अधिक एकर जमीन सरकारने एकरी १५ सेंट दराने घेतली आणि राहण्यासाठी २ लाख एकर जमीन त्यांनाच एकरी ५० सेंट दराने विकली. तीही क्रीकांकडून ३० सेंटने घेतलेली होती.

या पश्चिम भागात इतर जमाती आणून वसवण्यात आल्या. मधला सुमारे २० लाख एकरांचा पट्टा कोणालाच दिला गेला नाही. मार्च १८८९ मध्ये क्रीक आणि सेमिनोलांचे उरलेसुरले हक्क पैसे देऊन संपवण्यात आले आणि पुढच्या महिन्यात तेथे ती धाव झाली. जागा पटकावणाऱ्याला १६० एकरांपर्यंत जमीन मिळणार होती. मुदतीआधीच आत शिरून लपून बसलेल्यांना ‘सूनर’ म्हणत. ही शिवीच होती. आज राज्याच्या विद्यापीठाचे खेळाडू तेच नाव अभिमानाने मिरवतात.

उत्तर २: शिवार

वरील विवेचनात भर घालतो, कारण माझ्या मते १८८९ ची धाव हा या कथेतील सर्वांत दिखाऊ प्रसंग आहे, सर्वांत महत्त्वाचा नव्हे. खरा घाव त्यानंतर कागदोपत्री बसला.

पूर्वेकडील पाच जमातींची जमीन तोपर्यंत सामाईक होती. जमीन सबंध जमातीच्या मालकीची, आणि कसेल त्याची फक्त वहिवाट. जमातींची सामाईक जमीन माणसागणिक वाटून देणाऱ्या १८८७ च्या कायद्यातून या पाच जमाती वगळल्या होत्या. १८९८ च्या कायद्याने त्यांनाही त्यात ओढले आणि त्यांची न्यायालयेही मोडीत काढली. माणसागणिक याद्या झाल्या, प्रत्येकाच्या नावे तुकडा लागला. आपल्याकडे एखाद्या गावाचे गायरान मोडून घरटी सातबारा तयार करावा आणि मग एकेका खातेदाराला गाठून विकत घ्यावे, तशातला हा प्रकार होता. १९०८ साली बहुतेक तुकड्यांच्या विक्रीवरील निर्बंध उठले आणि अल्पवयीन खातेदारांची मालमत्ता काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) न्यायालयांनी नेमलेल्या पालकांच्या ताब्यात गेली; त्यातील कित्येक पालकांनी ती गिळंकृत केली.

दरम्यान १९०५ साली या जमातींच्या पुढाऱ्यांनी मस्कोगी गावात परिषद भरवून ‘सेक्वोया’ नावाच्या स्वतंत्र राज्याची घटना लिहिली होती. मतदारांनी ती भरघोस मतांनी मंजूर केली. वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारने तिच्याकडे लक्ष दिले नाही. १६ नोव्हेंबर १९०७ रोजी जमातींचा पूर्व भाग आणि वसाहतींसाठी खुला झालेला पश्चिम भाग एकत्र करून ओक्लाहोमा हे ४६ वे राज्य जन्मले. त्याचे नाव चॉक्टॉ भाषेतील आहे, अर्थ ‘तांबडे लोक’.

ओसेज जमातीने मात्र १९०६ च्या कायद्यात एक गोष्ट राखली: जमिनीच्या पृष्ठभागाचे तुकडे झाले, भूगर्भातील खनिजे सामाईक राहिली. तेल लागले तेव्हा २,२२९ हिस्सेदारांना उत्पन्नाचा वाटा मिळू लागला, आणि १९२० च्या दशकात त्या वाट्यांसाठी खून पडू लागले. लग्नसंबंध जुळवून वारसा आपल्या घरात यावा म्हणून ओसेज माणसे मारली जात होती. विल्यम हेल या बड्या गुरेवाल्याला १९२९ मध्ये जन्मठेप झाली. अनेक मृत्यूंचा छडा कधीच लागला नाही.

उत्तर ३: उंबरठा

एक दुरुस्ती नव्हे, पुरवणी. १८६६ च्या तहांमुळे जमातींकडील गुलाम मुक्त झाले आणि वाटपात त्यांच्या वंशजांनाही जमीन मिळाली. बोलीसारखी कृष्णवर्णीयांची गावे त्यातूनच उभी राहिली. नव्या राज्याच्या विधिमंडळाने संमत केलेला पहिलाच कायदा मात्र रेल्वेत कृष्णवर्णीयांना वेगळे बसवण्याचा होता.

टल्साच्या ग्रीनवुड या कृष्णवर्णीयांच्या भागाचे वैभव ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्या जमावाने जाळले. रस्त्यांनी वेढलेले सुमारे ३५ गृहसमूह (ब्लॉक) भस्मसात झाले, हजाराहून अधिक घरे गेली, आणि मृतांचा आकडा ३०० पर्यंत असू शकतो असे मानले जाते. त्यानंतरचा भाग कमी सांगितला जातो. विमा कंपन्यांनी दंगलीच्या कलमाकडे बोट दाखवून भरपाई नाकारली, आणि नगरपालिकेने आगप्रतिबंधाच्या नावाखाली असे बांधकाम नियम केले की जळालेल्या घरांच्या मालकांना पुन्हा घर बांधणेच परवडू नये. बी. सी. फ्रँकलिन या कृष्णवर्णीय वकिलांनी तंबूत कचेरी थाटून हे नियम न्यायालयात रद्द करवून घेतले. म्हणजे येथेही प्रश्न शेवटी जमिनीचाच होता.

वाटसरू

तिघांचेही मनःपूर्वक आभार. सेमिनोलांचा हिशेब मी दोनदा वाचला. घराचा प्रश्न तेवढा राहिला.

उत्तर ४: जुने दप्तर

भाच्याला निर्धास्त राहण्यास सांगा. आपण वाचलेला जुलै २०२० चा मॅकगर्ट खटल्याचा निकाल मालकीविषयी नाही, अधिकारक्षेत्राविषयी आहे. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मस्कोगींचे राखीव क्षेत्र कधीही स्पष्ट शब्दांत बरखास्त केलेले नाही, म्हणून त्या हद्दीत कोणत्याही मूळ अमेरिकी जमातीच्या सदस्याने केलेल्या गंभीर गुन्ह्याचा खटला राज्याला चालवता येणार नाही, असे पाच विरुद्ध चार मतांनी ठरले. पुढे राज्याच्या न्यायालयांनी हेच तत्त्व इतर चार जमातींनाही लावले. २०२२ साली त्याच सर्वोच्च न्यायालयाने जमातीबाहेरच्या व्यक्तीने जमातीच्या व्यक्तीविरुद्ध केलेल्या गुन्ह्यांत राज्यालाही अधिकार दिला. खाजगी मालकीची घरे यांपैकी कोणत्याच निकालाने हललेली नाहीत.

घर घेताना त्या जमिनीच्या आजवरच्या हस्तांतरणांचा गोषवारा मिळतो. तो त्याने वरवर न चाळता अगदी मागच्या नोंदीपर्यंत वाचावा. टल्साच्या बऱ्याच भागात त्या साखळीतील पहिले नाव वाटपाच्या यादीतील एखाद्या मस्कोगी माणसाचे असते, आणि त्याच्या लगेच खाली विक्रीची तारीख.