शब्दचर्चा: चाकूच्या कारखान्यातलं ‘गेज’ म्हणजे मापक की फर्मा?

विचारणा
इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जुन्या घडीच्या चाकूंवरचा मजकूर मराठीत करतेय. चित्रांत भोकं पाडलेल्या पोलादी पट्ट्या, खाचांच्या चकत्या असं बरंच काही आहे आणि यादीत बहुतेकांपुढे नुसतं ‘गेज’. सरसकट ‘मापक’ लिहू का? शिवाय एक ‘पार्सर’ आहे. कोशात वाक्याचं पृथक्करण करणारा असं निघतं, ते इथे कसं बसावं?

प्रतिसाद
सरसकट नको. आधी वस्तू कुठे झिजली आहे ते बघा. बाहेरची कड गुळगुळीत असेल तर तिच्याभोवती रेघ ओढून पातं किंवा स्प्रिंग आखत असणार, तो फर्मा. झीज खाचेच्या आतल्या बाजूंना असेल तर मापक. आणि भोकांचे काठ घासलेले असतील तर त्यांतून ड्रिल घालून सगळ्या पट्ट्यांना एकाच जागी भोकं पाडत. याला आपल्या वर्कशॉपांत जिगच म्हणतात, तेच ठेवा. काठावर खाचा आणि आकडे असलेली गोल चकती म्हणजे पत्र्याचं किंवा तारेचं गेज. त्यात आकडा वाढतो तशी जाडी कमी होते: बर्मिंगहॅम गेजचा १६ नंबर म्हणजे ०.०६५ इंच. माप खाचेचं असतं, तिच्या टोकाच्या गोल भोकाचं नव्हे. चित्राखाली हे लिहाच, लोक हमखास भोकात तार घालून बघतात.

विचारणा
एकाला खुंट्या आहेत आणि वर घड्याळासारखी तबकडी. तेही मापकच?

प्रतिसाद
हो, पण हे वेगळं काम करतं. चाकू मिटलेला असो, अर्धा उघडा असो की पूर्ण, पाठीची स्प्रिंग मुठीच्या कडेशी सपाट यायला हवी. म्हणून मूठ बसवण्याआधी पातं आणि स्प्रिंग त्या खुंट्यांवर चढवतात, तबकडीचा दांडा स्प्रिंगच्या पाठीवर टेकवतात आणि पातं फिरवतात. उघडल्यावर काटा वर गेला तर पात्याचा बुंधा त्या बाजूने कानशीने जरासा उतरवायचा, पुन्हा बघायचं. ‘स्प्रिंग-उंची मापक’ लिहा. नाव रूक्ष आहे, पण वाचणाऱ्याला कळेल.

दुसरा प्रतिसाद
पार्सरबद्दल मी सांगतो. मुठीवर धातूचा छोटा बिल्ला असतो ना, त्याच्यासाठी खळगा कोरायचं ते हत्यार. त्याच्या टोकाला दोन लवचीक पाय असतात. बिल्ल्याच्या आकाराचं भोक असलेला पोलादी फर्मा मुठीवर ठेवून शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, आवळायचा, पाय चिमटून भोकात सोडायचे. पाठ छातीवरच्या पाट्याला टेकवून धनुकलीने फिरवलं की पाय फाकून फर्म्याच्या कडेकडेने जातात आणि खालचं हाड किंवा शिंग कोरलं जातं. सुताराच्या सामत्याचाच, म्हणजे धनुकलीने फिरवायच्या ड्रिलचाच, हा भाऊ. मी ‘बिल्ल्याचा सामता’ म्हणेन.

प्रतिसाद
सामता छान, पण सामता गोल भोक पाडतो आणि हा तर ढालीचा आकारही कोरतो. चित्राखाली ‘पार्सर’ हेच नाव राहू दे, पुढे ‘बिल्ल्याचा खळगा कोरायचा सामता’ असा खुलासा. शेफील्डच्या केलम आयलंड संग्रहालयात हॉली संग्रह आहे, तिथे अशी हत्यारं जपलेली आहेत. त्यांच्या चित्रांशी तुमची ताडून बघा. आणि यादीत ‘स्टिडी’ आली तर गोंधळू नका, ती बाकावरची छोटी ऐरण.