कोल्हे गावाजवळ येतात, काय करावं?

पराटीवाली: आमचं घर गावाच्या शेवटी हाय, मागं तुरीचं वावर. आता संध्याकाळ झाली की कोल्हे पार कोठ्यापर्यंत येतात, एक कोंबडी नेली, लहान लेकरू अंगणात खेळते म्हणून जीव घाबरतो. शेजारी म्हणतात औषध टाका. मला ते पटत नाही, पण करू काय?

धुऱ्यावरचा: ताई, औषध बिलकुल टाकू नका, ते गावातली कुत्री, मांजरं खातात अन् कोल्हा मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा हाय. तो शक्यतो माणसाच्या वाटेला जात नाही, उंदीर, बोरं, मेलेलं ढोर यावर जगते, उलट पिकाचे उंदीर कमीच करते. आधी पहा घराजवळ उकंडा हाय का, मेलेल्या कोंबड्या तिथंच फेकता का? वास आला की तो रोज येणारच. खुराड्याला बारीक जाळी लावा, खालून एक फूट जमिनीत गाडा, तो उकरून आत घुसते. आमच्याकडं जाळी लावल्यावर कोंबडी गेली नाही.

संत्राबाग: लेकराला संध्याकाळी एकटं सोडू नका. दिवसाढवळ्या झोकांड्या खात फिरणारा, लाळ गाळत माणसावर धावून येणारा कोल्हा दिसला तर जवळ जाऊ नका, १९२६ वर वनविभागाला फोन करा, रेबीज असू शकते. चावला तर जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवा अन् त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा, हळद-चुना लावत बसू नका.

पराटीवाली: उकंडा कोठ्यालाच लागून हाय भाऊ. उद्याच हलवतो म्हणतात आमचे हे.