टॉप लोड की फ्रंट लोड? पाणी मोजून पाहिलं, म्हणून मी फ्रंट लोडच्या बाजूने

लातूरची लेक
आईचं टॉप लोड, म्हणजे वरून कपडे टाकायचं वॉशिंग मशीन बारा वर्षांनी बंद पडलं. भाऊ म्हणतो, पुन्हा तसंच आणू, स्वस्त पडतं आणि आईच्या सवयीचं आहे. माझं मत ठाम आहे: लातुरात नवं मशीन घ्यायचं तर फ्रंट लोडच, म्हणजे पुढे दार असलेलंच घ्यावं.

एप्रिल २०१६ मध्ये आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आईने तांब्या तांब्या मोजून घर चालवलं. ती मोजायची सवय मला लागली ती कायमची. गेल्या वर्षी मशीन चालू असताना मी सांडपाण्याच्या पाइपाखाली घमेलं लावून सगळं पाणी २० लिटरच्या बादल्यांत ओतत गेले. साडेसहा किलोचं मशीन, पूर्ण लेव्हल, एकदा धुणं आणि दोनदा खळबळणं. साडेसहा बादल्या भरल्या, म्हणजे १३० लिटर. पुण्यात बहिणीच्या फ्रंट लोडला तेवढ्याच कपड्यांना तीन बादल्या लागल्या.

कारण सरळ आहे. टॉप लोडमध्ये कपडे बुडून सुटे झाले तरच तळाची चकती ते फिरवू शकते. फ्रंट लोडचा ड्रम आडवा. तळाला थोडंसं पाणी असतं, कपडे वर उचलले जातात आणि खाली आपटतात, नदीवर धोपटल्यासारखे. दर धुण्याला ७० लिटर वाचले आणि आठवड्याला चार धुणी धरली, तर वर्षाला साडेचौदा हजार लिटर होतात. पाच हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर. उन्हाळ्यात टँकरसाठी रांगेत उभं राहिलेल्या माणसाला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

डोंबिवलीकर
ताई, हिशेब पटला, पण पाणी मशीनमध्ये शिरलं तर पुढचं सगळं. आम्ही सर्वात वरच्या मजल्यावर राहतो. टाकीचा तळ आमच्या नळापासून जेमतेम दोन मीटर वर. मोठ्या हौसेने फ्रंट लोड घेतलं आणि पहिल्याच दिवशी ते पाणी भरता भरता एरर दाखवून थांबलं. पुस्तिकेत किमान ०.३ बार दाब लिहिला होता. दहा मीटर उंचीला साधारण एक बार, म्हणजे तीन मीटर तरी हवेत. दुकानात हे कुणी विचारलं नाही, आम्हालाही ठाऊक नव्हतं. शेवटी वेगळा प्रेशर पंप बसवला, त्याचा खर्च आणि आवाज दोन्ही पदरी आले. दोन वर्षांनी मशीन विकून टॉप लोड घेतलं. नळ बारीक असला तर मी झाकण उघडून बादलीने पाणी ओततो आणि धुणं सुरू होतं. फ्रंट लोडमध्ये ही सोय नाही.

शिवाय वीज. फ्रंट लोडमध्ये ६० अंशांवर धुणं लावलं की हीटर वीज खातो आणि वर अडीच तास अडकून पडतात.

गोदाकाठ
मीसुद्धा टॉप लोडवालीच. १३० लिटर वाया जातात हे मला मान्य नाही. आमच्याकडे साबणाचं पहिलं पाणी मोरीत जातं, पण खळबळण्याची दोन्ही पाणी आम्ही धरतो. अंगण, जिना, संडास, सगळं त्याच पाण्यावर. मशीनने कमी पाणी घेतलं असतं तर तेवढं पाणी आम्ही नळाचं वापरलं असतं.

आणि रोजच्या घरात कपडे काही एका वेळी गोळा होत नाहीत. मशीन सुरू झाल्यावर मुलगा शाळेचा मोजा घेऊन येतो. झाकण उचलायचं, टाकायचा. फ्रंट लोडचं दार एकदा बंद झालं की झालं.

लातूरची लेक
गोदाकाठताई, तुम्ही पाणी धरता याचं मनापासून कौतुक. आईही धरायची. पण आमच्या टॉप लोडला पंप नव्हता. पाणी आपोआप उतारावर जायचं, म्हणून पाइप जमिनीलगतच ठेवावा लागायचा. त्याखाली मावेल ते घमेलं, ते भरलं की उचलायचं, दुसरं लावायचं. गुडघे दुखणाऱ्या बाईने हे किती वर्षं करायचं? फ्रंट लोडला पंप असतो आणि पाइप दोन-अडीच फूट वरच अडकवायचा असतो. म्हणजे तोच पाइप कमरेएवढ्या पिंपात सोडता येतो. बहिणीने तसंच केलंय.

डोंबिवलीकरदादा, दाबाचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. विजेचं मात्र पटत नाही. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं. तेही हीटर वापरला तर. रोजचे कपडे साध्या पाण्यात निघतात.

दुरुस्तीवाला
अठरा वर्षं मशीन उघडतोय, मराठवाडा आणि पुणे दोन्हीकडे. ताईंचा पाण्याचा हिशेब बरोबर आहे, तरी बोअरच्या पाण्यावर मी फ्रंट लोड सुचवत नाही.

गेल्या महिन्यात एक उघडलं. बोअरचं पाणी, पाच वर्षांचं मशीन, तक्रार होती की फिरताना विमानासारखा आवाज येतो. हीटर बाहेर काढला तर त्यावर बोटभर जाडीचा पांढरा थर, स्क्रूड्रायव्हरने टोचला तर खवले निघाले. ड्रमच्या मागे तीन पायांचा अ‍ॅल्युमिनियमचा आधार असतो, ड्रमचा सगळा भार त्याच्यावर. त्याला साबण आणि क्षारांचा राप बसला होता. मी तो खरवडला आणि एक पाय हातात तुटून आला. आतून भुसा झाला होता. बेअरिंगही गेलेलं. आणि त्या मशीनचा बाहेरचा टब दोन भाग चिकटवून बंद केलेला, स्क्रू नाहीत. म्हणजे दोन-चारशेच्या बेअरिंगसाठी अख्खा टब. त्या घरच्या काकूंना खर्च सांगताना माझाच आवाज खाली गेला.

टॉप लोडमध्येही क्षार बसतात, पण बहुतेकांत हीटर नसतो आणि खोललं की काम हाताशी येतं. ज्यांच्याकडे फ्रंट लोड आहेच त्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. कमी फेसाची मॅटिक पावडर, तीही मापात, कारण फेस जास्त झाला की कपडे आपटत नाहीत, नुसते घसरतात. आणि महिन्यातून एकदा रिकामं मशीन क्षार काढायची पावडर टाकून गरम पाण्यावर चालवायचं. लिंबूसत्त्वानेही काम होतं.

वाशिष्ठीकाठ
चिपळूणच्या जुलैत मशीनने कपडे किती पिळले यावर सगळं ठरतं. आमचं जुनं टॉप लोड मिनिटाला ७०० फेरे घ्यायचं, आताचं फ्रंट लोड १२००. जुन्यातून काढलेली जीन्स दोरीवर तिसऱ्या दिवशीही कमरपट्ट्यापाशी ओली, आणि तो कुबट वास. आता पंख्याखाली रात्रभर पुरते. दुसरं म्हणजे सासूबाईंची सुती नऊवारी. चकतीवर तिचा असा पीळ बसायचा की दोघी दोन टोकं धरून उकलायचो, काठ ओढला जायचा. दोन वर्षांत दोन लुगडी काठाशी विरली. आडव्या ड्रममध्ये पीळ बसतो, पण हाताने झटकला की सुटतो.

दाराचं रबर मात्र दर धुण्यानंतर पुसावं लागतं, घडीच्या आतून. पावसात चार दिवस विसरलं तर काळे ठिपके येतात आणि ते जात नाहीत. दार उघडं ठेवायचं, हा नियमच.

पंचगंगा
माझं वय ६६. सगळे सांगतात की म्हाताऱ्या माणसाला टॉप लोड बरं, वाकायला नको. माझी उंची चार फूट दहा इंच आहे. टॉप लोडच्या तळाला चिकटलेला रुमाल काढायला मला टाचा उचलून, पोट कडेवर दाबून, खांद्यापर्यंत हात आत घालावा लागायचा. एकदा पाय घसरला. आता फ्रंट लोडसमोर स्टूल टाकून बसते, मांडीवर टोपली घेते आणि एकेक कपडा ओढते. मुली, आईला दुकानात घेऊन जा आणि दोन्हींत हात घालून बघू दे.

लातूरची लेक
काकू, हे आम्हा दोघा भावंडांना सुचलंच नव्हतं. रविवारी आईला नेते.

आज गच्चीवरून टेप सोडला. टाकीच्या तळापासून नळापर्यंत साडेचार मीटर भरले, म्हणजे दाबाची अडचण दिसत नाही. क्षारांची धास्ती मात्र बसली, कारण उन्हाळ्यात आम्ही बोअरवरच असतो. पाण्याचा नमुना उद्या तपासायला देते. दुरुस्तीवालेदादा, क्षारांचा आकडा कितीपर्यंत आला तर फ्रंट लोड घेऊ?

दुरुस्तीवाला
पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा (थर धरणाऱ्या क्षारांचं प्रमाण) लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य धरलाय, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत. तुमचा २०० च्या आसपास आला तर बिनधास्त घ्या. ४०० च्या पुढे गेला तर रोजच्या धुण्याला हीटर बंदच ठेवायचा आणि पाणी आत जाणाऱ्या पाइपला क्षार कमी करणारा फिल्टर लावायचा, तो वेळेवर बदलायचा. हे आईंकडून होणार नसेल तर भावाचं ऐका.

आणि फ्रंट लोड आणलंच, तर बसवणारा माणूस जायच्या आधी मागचे वाहतुकीचे बोल्ट (नेताना ड्रम हलू नये म्हणून लावलेले) काढलेत का ते स्वतः बघा. राहिले तर मशीन पहिल्याच पिळण्यात मोरीभर चालत सुटतं. काढलेले बोल्ट टाकू नका, घर बदलताना लागतात.