माझ्या भाषेत 'तो', 'ती' आणि 'ते सगळे' एकच झाले, काय करू?

बेटकरी

नमस्कार मंडळी. गेली तीन वर्षं मी एक भाषा रचतोय, नाव होल्मिश. कल्पना अशी की ९व्या शतकात इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरची काही कुटुंबं उत्तर समुद्रातल्या एका बेटावर गेली आणि तिथलीच झाली. बेट माझ्या मनातलं आहे. मूळ भाषा जुनी इंग्रजी, पुढचे बदल माझे.

आता सर्वनामांपाशी अडलोय. जुन्या इंग्रजीत 'तो' म्हणजे हे, 'ती' म्हणजे हेओ, 'ते सगळे' म्हणजे हीए. माझ्या नियमांत दीर्घ ए चा ई होतो, एओ चाही ई होतो आणि शब्दाच्या शेवटचा ए गळतो. काल रात्री तिन्ही शब्द वहीत एकाखाली एक मांडले, नियम लावले, आणि तिन्हींचं 'ही' झालं. 'तिला' आणि 'त्यांना' या दोन्हींचं रूपही हीए, म्हणजे तेही 'ही'. 'ही साह ही' असं वाक्य घ्या. त्यानं तिला पाहिलं, तिनं त्यांना पाहिलं, त्यानं त्यांना पाहिलं, सगळ्याला हेच!

नियम मोडून 'हेओ' तेवढा वाचवू का?

दुसरं असं, की मला 'आपण' आणि 'आम्ही' यांतला फरक होल्मिशमध्ये मनापासून हवा आहे. समोरच्याला सोबत घेणारं 'आपण' नसलेल्या भाषेत माझी माणसं एकमेकांशी बोलतायत, हे मला सहन होत नाही. जर्मन घराण्यातल्या भाषांत हा फरक मला कुठे सापडला नाही. जुन्या इंग्रजीत 'वित' म्हणजे 'आम्ही दोघं' मात्र आहे. त्याचं काही करता येईल का?

खडूफळा

एकोणीस वर्षं जर्मन शिकवतेय, त्यामुळे सवयीनं अरेतुरे करते, राग मानू नकोस.

नियम मोडू नकोस. तुझ्या वहीत झालं ते खुद्द इंग्रजीतही झालं. काही बोलींत हे, हेओ, हीए कानाला सारखेच लागायला लागले. लोकांनी जुने शब्द जपले नाहीत, नवे आणले. 'शी' १२व्या शतकात लिखाणात दिसायला लागतो. 'दे' तर डेन्मार्क-नॉर्वेकडून येऊन उत्तरेत आणि पूर्वेत वसलेल्या लोकांचा. आणि तोही एका दमात आला नाही. इंग्रजी कवी चॉसर १४व्या शतकाच्या शेवटी 'दे' लिहितो, पण 'त्यांना' म्हणायची वेळ आली की जुनं 'हेम'च लिहितो.

शिवाय एका रूपाला तीन अर्थ असले की भाषा बुडते असं नाही. जर्मनमधलं 'झी' म्हणजे ती, तेच ते सगळे, आणि आदरार्थी तुम्हीही तेच. आपल्याकडे बघ, 'ती आली'. बाई आली की मुलं आली? ऐकणारा कधी अडत नाही.

तरी वेगळं रूप हवंच असेल तर दर्शक सर्वनामं उचल. जुन्या इंग्रजीत से, सेओ, थॅट आहेत (थ इथं इंग्रजी 'थिंक'मधला, थालीपीठातला नव्हे). गॉथिकमध्ये (जर्मन घराण्यातलीच एक जुनी भाषा) तीच सा, सो, थाता. आता संस्कृतातलं सः, सा, तत् मोठ्यानं म्हण. एकाच मुळाची आहेत ही, आणि आपलं तो-ती-ते त्यातूनच आलं. वर्गात हे पहिल्यांदा सांगते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा वर बघतात.

उलटी_होडी

एक सुचवतो. सर्वनामांचा तक्ता करून शब्द घडवू नका, वाक्यात ठेवून घडवा. क्रियापद आधी आणि सर्वनाम मागून असं बोलून बघा.

स्वीडिशमध्ये 'तुम्ही'ला पूर्वी 'ई' म्हणत. क्रियापदाच्या शेवटी न असायचा, 'कोमेन ई'. बोलताना तो न पुढच्या शब्दाला चिकटला, 'कोमे नी', आणि आजचं 'नी' तयार झालं. दक्षिण जर्मनीतल्या बोलींत आणि यिडिशमध्ये (युरोपातल्या ज्यूंची जर्मन घराण्यातली भाषा) 'वीर'चं (आम्ही) 'मीर' झालं ते असंच, 'हाबेन वीर' भरभर म्हणताना न आणि व मिळून म झाला. वहीतल्या तक्त्यात हे कधीच दिसणार नाही.

सातासमुद्रापार

मी आइसलँडमध्ये, रेक्याविकला राहते. 'वित'बद्दल लिहिते, कारण तो शब्द माझ्या रोजच्या बोलण्यात आहे. आइसलँडिकमध्ये 'आम्ही' म्हणजे 'विद्', आणि ते मुळात त्याच घरचं 'आम्ही दोघं'. दोघांसाठीचं रूप सगळ्यांसाठीचं झालं आणि खरं अनेकवचन 'वेर' मानाच्या, ग्रांथिक भाषेत जाऊन बसलं. बव्हेरियन बोलीत 'एंक' म्हणजे 'तुम्हाला सगळ्यांना', तेही मूळचं दोघांसाठीचंच. तेव्हा 'वित'चा अर्थ सरकवायला अजिबात कचरू नका. 'आपण'चं म्हणाल तर पापुआ न्यू गिनीतल्या तोक पिसिनमध्ये शब्द इंग्रजीचे आहेत, तरी 'युमी' म्हणजे आपण आणि 'मिपेला' म्हणजे आम्ही.

आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. इथं पुरुषांच्या घोळक्याला 'थेइर', बायकांच्या घोळक्याला 'थाइर', आणि बाई-पुरुष मिसळलेले असले की नपुंसकलिंगी 'थोय'. मी आणि नवरा एकदा दुकानात उभे होतो, काउंटरवरच्या मुलीनं आमच्याकडे हात करून 'थोय' म्हटलं, आणि माझ्या मनात आपोआप 'ती दोघं' उमटलं. दोघे, दोघी, दोघं. इथं त्वेइर, त्वाइर, त्वो. शिकावं लागलंच नाही मला. होल्मिशमध्ये हे जरूर ठेवा.

बेटकरी

खडूफळाताई, रागाचं नाव नको, अरेतुरेच करा.

आज सकाळी बसलो. 'सेओ'ला माझे नियम लावले, 'सी' मिळालं. ती म्हणजे सी, तो म्हणजे ही. 'तिला'साठी जुनं दर्शक रूप 'था', आणि 'त्यांना'साठीही 'था'च निघतं. तेवढं तसंच राहू देतो, 'ती आली' चालतं तर हेही चालेल. 'दोघं'साठी वहीत कोरं पान सोडलंय, त्याला वेळ देणार आहे.

मग उलटी_होडींनी सांगितलं तसं क्रियापद आधी ठेवून बोलत बसलो. होल्मिशमध्ये अनेकवचनी क्रियापदाच्या शेवटी न येतो, 'गान वित'. दहा-बारा वेळा भरभर म्हटलं. न आणि व एकमेकांत विरघळले आणि तोंडातून 'गा मित' आलं. 'वी' म्हणजे आम्ही, 'मित' म्हणजे आपण. बेटावरची माणसं संध्याकाळी जाळी गोळा करून घराकडे निघताना आता हेच म्हणतील: गा मित. चला, जाऊ आपण.