मदत हवी आहे: टर्कीवर दोन बाण सोडले, दोन्ही वाया. मंगळवारी मुदत संपतेय

मॅडिसनकर (शनिवार, रात्री ८:१०)
दोन दिवसांत दोनदा टॉम (नर टर्की) समोर आला, दोनदा बाण सोडला, दोन्ही वाया. टार्गेटवर वीस यार्डांवरून माझे पाच बाण चहाच्या बशीएवढ्या जागेत बसतात, तेव्हा धनुष्याचं ट्युनिंग वगैरे कृपया सुचवू नका. कालचा बाण कुठे गेला तेच कळलं नाही. आज पिसं उडाली, पण रक्ताचा थेंब नाही. दोन तास झाडी पालथी घातली. तो कुठे तडफडत पडला असेल का, या विचाराने दुपारी जेवण गेलं नाही. टर्कीवर नेम नक्की कुठे धरतात? माझ्या परवान्याचा आठवडा मंगळवारी संपतो. लवकर सांगा.

रानवाट (८:२५)
राज्य कुठलं? अंतर किती? उघड्यावर होतात की लपायच्या तंबूत? टॉम तुमच्याकडे तोंड करून होता, पाठमोरा होता की आडवा? पिसारा फुलवलेला की मिटलेला? यातलं काहीच न सांगता "नेम कुठे" याला उत्तर नाही.

टेक्सासवासी (८:३१)
धनुष्य सोडा, बारा बोअरची शॉटगन घ्या. चाळीस यार्डांवर डोक्या-मानेवर छर्‍यांचा सडा पडतो, पक्षी जागेवर आडवा. मी नऊ वर्षं इकडे रिओ ग्रांदे टर्की मारतोय, एकही जखमी होऊन सुटलेला नाही. पक्ष्याची एवढी काळजी वाटते तर हाच मार्ग.

मॅडिसनकर (८:४०)
विस्कॉन्सिन. तंबूतच होतो, उघड्यावर दोरी ओढली तर त्याला दिसणार नाही का? अंतर आठ-दहा यार्ड. बंदुकीचा प्रश्नच नाही, मी एच१बीवर आहे.

टेक्सासवासी (८:४६)
हे कारण चुकीचं आहे. अशा व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याची बंदी आहे खरी, पण वैध शिकार परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. मी स्वतः तशीच सुरुवात केली. वकिलाला विचारून खात्री करून घ्या, पण "प्रश्नच नाही" म्हणू नका.

मॅडिसनकर (८:४९)
बंदूक मला नकोच आहे. प्रश्न नेमाचा आहे.

माळरान_पुणे (९:०२)
जेवण जात नाही तर मारता कशाला? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, म्हणून आज सासवडच्या माळावर पहाटे तितर ऐकू येतो. मी तो ऐकायला म्हणून जातो आणि भरल्या मनाने परत येतो. तुम्हीही कॅमेरा घेऊन बसा.

व्हर्नन_काउंटी (९:२०)
माळरान, तितराबद्दल तुमच्याशी सहमत, पण इथली गोष्ट वेगळी आहे. विस्कॉन्सिनातला मूळ रानटर्की १८८१ च्या सुमारास संपला. बेसुमार शिकार, जंगलतोड, सगळंच कारण. मग १९७६ मध्ये मिसूरीहून पक्षी आणून आमच्या काउंटीत सोडले, बदल्यात इथले रफ्ड ग्राउझ (तितरासारखे रानपक्षी) तिकडे दिले. १९८३ मध्ये वसंतातली शिकार पुन्हा सुरू झाली. या कामांना पैसा परवान्यांतून येतो आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखाली शस्त्रांवर जो कर बसतो त्यातूनही. वसंतात नर किंवा दाढीवाला (छातीवर केसांसारखा झुपका असलेला) पक्षीच मारता येतो. आज सकाळी माझ्या कुंपणापलीकडे तीन टॉम ओरडत होते. माझ्या सासर्‍यांच्या लहानपणी इथे एकही नव्हता.

माळरान_पुणे (९:३१)
माहितीबद्दल आभार. तरी संवर्धनाचा पैसा मारण्यातूनच का यावा, हे मला पटत नाही.

बखर (९:३८)
थोडं अवांतर. या पक्ष्याचं आपल्याशी जुनं नातं आहे. १६१२ मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी दुर्मिळ पक्षी-प्राणी आणले, त्यात टर्की होता. बादशहाने उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्र काढवून घेतलं. मानेवरच्या गाठी न् गाठी त्यात दिसतात, ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. आणि नावांची गंमत पाहा: इंग्रज त्याला तुर्कस्तानचा समजले, तुर्क त्याला "हिंदी" म्हणतात, पोर्तुगीज "पेरू". पक्षी मुळात उत्तर अमेरिकेचा.

रानवाट (९:५०)
बखर, छान माहिती, पण माणसाकडे तीन सकाळी उरल्यात. मॅडिसनकर, आजची पिसं जपून ठेवलीत का? ती कशी आहेत? आणि बाण सापडला का?

मॅडिसनकर (९:५८)
दोन आहेत. एक वीतभर लांब, मधूनच कापलेलं, आडव्या बारीक पट्ट्या, टोकाशी तपकिरी कड. दुसरं तसंच, तुकडा. बाण पलीकडे मातीत रुतलेला मिळाला, कोरडा आणि स्वच्छ. टॉम माझ्याकडे तोंड करून, पूर्ण फुललेला. मी त्या सगळ्या वर्तुळाच्या बरोबर मध्यावर नेम धरला.

रानवाट (१०:१५)
मग निवांत जेवून घ्या. ती शेपटीची पिसं आहेत. पिसारा पाठीमागे उभा असतो, त्यामुळे समोरून जे मोठं गोल दिसतं त्याचा मध्य अंगाच्या वर येतो. बाण पाठीवरून पिसार्‍यातून पार गेला. अंगाला लागला असता तर बाण ओला, चिकट निघाला असता.

आता नेम. फुललेला टॉम दिसतो पिंपाएवढा, पण त्याची वर्मी जागा मुठीपेक्षा थोडीच मोठी. पिसांकडे बघायचंच नाही. समोरून असेल तर छातीवरची दाढी जिथून उगवते त्याच्या किंचित वर. पाठमोरा असेल तर शेपटीच्या बुडाशी. आडवा असेल तर पायांची रेघ वर न्या आणि पंख अंगाला जिथे जोडलाय तिथे थांबा. त्याच्या पुढे सरकलात तर नुसतं छातीचं मांस, आणि असा पक्षी खरोखर जखमी होऊन पळतो.

तुमच्या डिकॉयचं, म्हणजे समोर मांडलेल्या नकली टर्कीचं, तोंड कुणीकडे होतं?

मॅडिसनकर (१०:२१)
शेताकडे, म्हणजे माझ्याकडे पाठ. त्याने काय फरक पडतो?

रानवाट (१०:३०)
सगळा फरक त्यानेच पडतो. जेकचा, म्हणजे कोवळ्या नराचा, डिकॉय असेल तर टॉम त्याला समोरून भिडायला येतो. डिकॉयचं तोंड तंबूकडे ठेवा, म्हणजे टॉमची पाठ तुमच्याकडे येईल. पाठमोरा फुलला की स्वतःच्याच पिसार्‍यामुळे त्याला मागचं दिसत नाही. दोरी ओढायची ती तेव्हा.

एक_बाण_एक_मान (१०:४४)
अंगावर मारूच नका. बाणाच्या टोकाला मान उडवणारं गिलोटिन पातं लावा आणि मानेवर सोडा. लागला तर क्षणात संपतो, चुकला तर साफ चुकतो. जखमी होण्याचा प्रश्नच उरत नाही.

रानवाट (१०:५२)
नवख्याला हे सांगू नका. मान सेकंदभर स्थिर नसते. ते पातं एवढं रुंद आणि जड की त्याने बाण वेगळा उडतो, महिनाभर सराव लागतो. त्यांच्याकडे तीन दिवस आहेत.

एक_बाण_एक_मान (१०:५५)
मी पहिल्याच वर्षी केलं.

व्हर्नन_काउंटी (११:०५)
कालच्या बाणाबद्दल कुणीच बोललं नाही. मॅडिसनकर, तंबूच्या खिडकीची खालची कड तपासा. डोळ्याची रेघ बाणापेक्षा तीन-चार इंच वर असते. धनुष्यावरच्या नेमाच्या पिनमधून टॉम स्वच्छ दिसतो आणि बाण कापडाला घासून जातो. माझ्या मुलीचं असंच झालं होतं.

खवय्या_डेट्रॉइट (११:२०)
मिळाला की तंगड्या वेगळ्या काढा, त्यात काडीसारख्या टणक शिरा असतात. आलं-लसूण, दही लावून रात्रभर ठेवायच्या, मग मंद आचेवर तीन तास तांबडा रस्सा. छातीचे पातळ काप करून सुकं. पाळीव टर्कीसारखा आख्खा भाजलात तर कोरडा ठणठणीत होईल.

मॅडिसनकर (रविवार, दुपारी २:४०)
आज पहाटे गेलो नाही, परसातच तंबू उभारला. खिडकीच्या खालच्या कडेला बोटभर लांबीची ताजी चीर आहे, काठ विसविशीत, आत पिवळ्या व्हेनचा (बाणाच्या मागच्या प्लास्टिकच्या पिसाचा) तुकडा अडकलेला. स्टुलावर बसून खिडकीत कागद लावला आणि दोरी ओढून बायकोला बाणाच्या टोकाची जागा कागदावर खुणेने दाखवायला सांगितली. पिन मोकळ्या जागेत, बाण कापडात. आता स्टुलाखाली फळी घातली आहे, आठ यार्डांवरून सहाच्या सहा बाण कापडाला न लागता गेले. दाढीच्या जागी टार्गेटवर बुटाची लेस चिकटवून त्याच्या वर मारतोय.

व्हर्नन, रानवाट, मनापासून आभार. रात्री पोटभर जेवलो. उद्या साडेचारला तंबूत असेन, डिकॉयचं तोंड माझ्याकडे. एक विचारायचं राहिलं: मागच्या खिडक्या पूर्ण बंद ठेवायच्या का? काल एक उघडी होती.

रानवाट (२:४८)
पूर्ण बंद. आणि अंगात काळा शर्ट, म्हणजे आतल्या अंधारात तुम्ही त्याला दिसणार नाही.