वाळलेल्या गाठी सरसकट जाळू नका

चेस्टनटच्या झाडावर एका गांधीलमाशीमुळे गाठी येतात. ही कीड मारायला वाळलेल्या गाठी हिवाळ्यात छाटून जाळाव्यात असं सुचवलं जातं, त्याच्याशी असहमत. गाठ करणारी गांधीलमाशी जून-जुलैतच गाठीला बारीक भोक पाडून उडून गेलेली असते. तिची पुढची पिढी असते यंदाच्या डोळ्यांत, अळीरूपात, आणि वसंतात डोळा फुटेपर्यंत बाहेरून काहीच दिसत नाही. (कलमकाड्यांमधून कीड पसरते ती यामुळेच. लागण झालेल्या भागातली काडी कितीही निरोगी दिसो, आणू नये.) वाळक्या गाठीत थंडी काढतो तो तिचा शत्रू, टोरिमस सायनेन्सिस हा चिमुकला परजीवी कीटक. म्हणजे जाळला जातो तो आपलाच मित्रकीटक. तो तुमच्या भागात नसेल तर जाळून बिघडत नाही, पण हातीही काही लागत नाही.

या किडीवर फवारणी चालत नाही, अळी गाठीच्या आत सुरक्षित असते. टोरिमसची मादी मात्र वसंतात बाहेर पडून कोवळ्या हिरव्या गाठीत अंडी घालायची नळी खुपसून अंडी घालते आणि तिची अळी आतल्या गांधीलमाशीच्या अळीला खाते. दोघांचीही वर्षाला एकच पिढी, त्यामुळे घाई उपयोगाची नाही. इटलीत पिडमाँटमध्ये ही कीड 2002 साली सापडली, टोरिमस 2005 पासून सोडला, तरी झाडं सावरायला बरीच वर्षं गेली. आपल्याकडे उसात लावतात त्या ट्रायकोकार्डांवरच्या (किडीची अंडी मारणाऱ्या) मित्रकीटकासारखा हा पुन्हा पुन्हा सोडावा लागत नाही, एकदा रुजला की स्वतःच पसरतो. छाटणी करावीच लागली तर गाठींच्या फांद्या वसंत संपेपर्यंत झाडाखालीच राहू द्या.